मेदिना आडनावाची माणसे

आमचा मुलगा स्पेनमधल्या वायादोलिद शहरात शिकतो. तो ज्या इमारतीत भाड्याने राहतो, तिथे खालच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग आहे. पहिल्या संध्याकाळी बॅगा वर चढवताना त्यांतल्या एका पेटीवर आमची नजर अडली. पेटीवर आडनाव होते ‘मेदिना’. मुलगा म्हणाला, “अम्मी, ही तर आमच्या घरमालकीणबाईंची पेटी.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. त्याला कारण होते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात अब्बांना भेटायला गावी गेलो होतो. अब्बा आता ८४ वर्षांचे आहेत. सारी नोकरी त्यांनी उर्दू शाळेत केली. नसीम हिजाज़ी यांच्या अंदलुसवरच्या कादंबऱ्या त्यांनी तरुणपणी कंदिलाच्या उजेडात वाचल्या, आणि स्पेन म्हटले की आजही त्यांचे डोळे भरून येतात. पडवीत बसल्या बसल्या ते म्हणाले, “तिथे मेदिना आडनावाचे लोक आहेत. ते मूळचे आपलेच. जबरदस्तीने ईसाई केलेले. कोणी भेटला तर त्याला माझा सलाम सांगा.” आम्ही “जी अब्बा” म्हणालो. वडीलधाऱ्यांचा सलाम ही अमानत असते. ती पोहोचवल्याशिवाय परत यायचे नाही, एवढे ठरवून आम्ही विमानात बसलो होतो. आणि इथे पहिल्याच दिवशी, पहिल्याच दारावर मेदिना!

दुसऱ्या दिवशी मुलाला दुभाष्या करून आम्ही खाली गेलो. बाई सत्तरीच्या, हसतमुख. त्यांनी कॉफी दिली, बिस्किटांत डुकराची चरबी नाही हे पुडा दाखवून खात्रीने सांगितले. आम्ही अब्बांचा सलाम सांगितला आणि आडनावाचा विषय काढला. बाईंनी अगदी साधेपणाने उत्तर दिले, “आमचे घराणे पलेन्सियाकडचे. कोणी पूर्वज मेदिनाहून आला, असे आजोबा सांगत. पण कोणत्या मेदिनाहून, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. मेदिना एक थोडीच आहे?”

या एका वाक्याने आमचा पुढचा सारा प्रवास ठरला.

आडनाव गाव सोडणाऱ्याला लागते

आधी शब्दाचे पाहू. अरबीत ‘मदीना’ म्हणजे शहर. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी हिजरत केली ते यसरिब पुढे ‘मदीनतुन्नबी’, म्हणजे नबींचे शहर, म्हणून ओळखले गेले आणि आपल्या कानांना मदीना म्हणजे तेच एक पवित्र शहर एवढीच सवय झाली. आपल्याकडचे ‘मदनी’ हे नाव त्याच शहराशी नाते सांगते. स्पेनमधले मेदिना मात्र तसे नाही. इ.स. ७११मध्ये मुसलमान जिब्राल्टरच्या बाजूने स्पेनमध्ये उतरले. त्यानंतर ज्या वस्त्यांना अरबी बोलणारे लोक ‘शहर’ म्हणू लागले, त्यांच्या नावात ‘मदीना’ आले. राज्य गेले, भाषा गेली, पण गावांची नावे राहिली. स्पॅनिश जिभेवर त्याचे ‘मेदीना’ झाले. मेदिना देल काम्पो, मेदिना दे रिओसेको, मेदिना दे पोमार, मेदिना सिदोनिया, मेदिना दे लास तोर्रेस, मेदिनासेली, अशी ही मेदिनांची मालिका उत्तरेपासून थेट दक्षिणेपर्यंत पसरली आहे.

मध्ययुगात माणसे वाढली, व्यवहार वाढले, नुसता ‘हुआन’ किंवा ‘पेद्रो’ म्हणून भागेना. मग कोणाला बापाच्या नावावरून ओळखू लागले, जसे गोन्सालोचा मुलगा तो गोन्सालेस. कोणाला धंद्यावरून आणि कोणाला गावावरून. मेदिनाहून आलेला तो ‘दे मेदिना’. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चिपळूण सोडून दुसरीकडे गेलेला चिपळूणकर, राजापूर सोडलेला राजापूरकर. चिपळुणातच राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून कोण ओळखणार? गावाचे आडनाव लागते ते गाव सोडणाऱ्याला. आणि आपल्याकडे एकाच गावाचे आडनाव मुसलमान लावतो, हिंदूही लावतो. ‘कर’ एवढेच सांगतो की माणूस कुठून आला. तो कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करीत होता, हे ‘कर’ सांगत नाही.

अब्बांच्या समजुतीला पहिला धक्का इथेच बसला. मेदिना हा शब्द आपला, यात शंका नाही. पण मेदिनाहून आलेला माणूस मुसलमान असू शकतो, ख्रिस्ती असू शकतो आणि यहुदीही असू शकतो. यहुद्यांना १४९२मध्ये स्पेनमधून हाकलण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येक जण उस्मानी तुर्कांच्या राज्यात गेले. तिथे सलोनिका शहरात सोळाव्या शतकात शमुएल दे मेदिना नावाचे मोठे यहुदी धर्मशास्त्री होऊन गेले. १७०० साली इंग्लंडच्या राजाकडून ‘सर’ हा किताब मिळवणारे पहिले यहुदी होते सॉलोमन दे मेदिना. अरबी शब्द, स्पॅनिश आडनाव, यहुदी माणूस आणि इंग्रजी किताब! एका आडनावाने किती दारे ओलांडावीत?

बाईंच्या घरी आणखी एक गोष्ट कळली, ती आमच्या घरातल्या बाईमाणसाला फार आवडली. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांचे आणि एक आईचे. लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही. मालकीणबाईंच्या यजमानांचे आडनाव वेगळेच होते. त्या जन्मापासून मेदिना आणि आजही मेदिना. पूर्वी वडिलांचे आडनाव आधी लावायची रीत होती. १९९९च्या कायद्याने क्रम बदलण्याची मुभा दिली आणि २०१७पासून मूल जन्मल्यावर कोणाचे आडनाव आधी लावायचे, हे आईबापांनी मिळून ठरवायचे असते. आपल्या दीनमध्येही निकाहाने स्त्रीचे नसब, म्हणजे वडिलांकडचे नाते, बदलत नाही. बदलते ते आपल्या कागदांवर. मुलाने सांगितले की इथल्या सरकारी फॉर्मवर ‘दुसरे आडनाव’ असा रकाना होता. त्यात काय लिहायचे, हे त्याला सुचेना. शेवटी त्याने आईच्या माहेरचे आडनाव लिहिले, काझी. लग्नानंतर २७ वर्षांनी ते आडनाव पुन्हा एका कागदावर आले, तेही परक्या मुलुखात. वर मुलगा म्हणतो, “अम्मी, इथे नगराध्यक्षाला ‘अल्काल्दे’ म्हणतात. तो शब्द ‘अल-काझी’वरूनच आला आहे!”

असे शब्द मग जागोजागी दिसू लागले. अल्काला हे आडनाव ‘अल-कलआ’पासून, ज्या शब्दावरून आपला ‘किल्ला’ आला. अल्कान्तारा म्हणजे ‘अल-कन्तरा’, पूल. पण मुलाने सावधही केले. बेनितेस हे आडनाव ऐकून आम्ही ‘बिन’ शोधू लागलो, तर ते निघाले बेनितो या ख्रिस्ती नावावरचे. ओळखीचा आवाज आला म्हणजे नाते लागले, असे नसते.

राणीच्या मृत्यूचे शहर

बाई आम्हाला रविवारी बसने मेदिना दे रिओसेकोला घेऊन गेल्या. वायादोलिदपासून साधारण ४० किलोमीटर. सपाट, पिवळे गव्हाचे रान आणि मध्येच हे गाव. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी खांबांवर तोललेली घरे, खाली चालायला सावली. सोळाव्या शतकात या गावात इतका पैसा आला की लोक त्याला ‘छोटी इंडिया’ म्हणत. ऐकून आम्ही खूश झालो. पण ती इंडिया आपली नव्हे. कोलंबसाच्या चुकीमुळे स्पॅनिश लोक अमेरिकेलाच ‘इंडिया’ म्हणत आणि हा पैसा तिथल्या व्यापाराचा होता.

दोन दिवसांनी आगगाडीने मेदिना देल काम्पोला गेलो. ‘मैदानातले शहर’ असा या नावाचा अर्थ. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इथे युरोपातले मोठे बाजार भरत. लोकर, कापड, पुस्तके यांची खरेदी-विक्री होई आणि हुंड्या वटवल्या जात. चौकातल्या चर्चला बाहेरच्या बाजूने एक सज्जा आहे. व्यापाऱ्यांना दुकान सोडून आत जावे लागू नये म्हणून पाद्री त्या सज्जातून प्रार्थना चालवी. गावाबाहेर तांबड्या विटांचा ला मोता किल्ला उभा आहे.

आम्ही थांबलो ते दुसऱ्या एका जागेशी. याच शहरात राणी इसाबेलाने १५०४ साली आपले मृत्युपत्र केले आणि २६ नोव्हेंबरला तिने इथेच प्राण सोडला. तीच इसाबेला, जिच्या आणि राजा फर्नांदोच्या हाती २ जानेवारी १४९२ रोजी गरनाताच्या किल्ल्या गेल्या. शरण येताना करार झाला होता की मुसलमानांचा धर्म, मशिदी, रीतिरिवाज यांना हात लावला जाणार नाही. दहा वर्षेही तो पाळला गेला नाही. १५०२मध्ये कास्तिलच्या मुसलमानांना सांगण्यात आले की ख्रिस्ती व्हा, नाहीतर देश सोडा. तो हुकूम देणारी राणी ‘मदीना’ नावाच्या शहरात मेली, आणि ते नाव बदलावे असे कोणाच्या मनातही आले नाही. शब्द इतका रुळला होता की तो कोणाचा, हेच लोक विसरून गेले होते.

टेकडीवरची मदीना, ढिगाऱ्यातली मदीना

माद्रिदहून गाडी करून आम्ही ईशान्येला सुमारे दीडशे किलोमीटर मेदिनासेलीला गेलो. अरबीत हे मदीनत सालिम. खाली दरी, वर टेकडीवर दगडी घरांचे झोपलेले गाव आणि कड्यावर तीन कमानींची रोमन वेस. अब्दुर्रहमान तिसरे यांनी दहाव्या शतकात हे ठाणे नव्याने वसवले. उत्तरेच्या ख्रिस्ती राज्यांवर नजर ठेवायला ते मोक्याचे होते. अंदलुसचा सेनानी अल-मन्सूर १००२ साली मोहिमेवरून परतताना याच ठिकाणी वारला. कथा अशी सांगतात की प्रत्येक मोहिमेनंतर तो अंगावरची धूळ झाडून जपून ठेवी आणि तीच धूळ त्याच्या कफनावर घालण्यात आली. त्याची कबर कुठे आहे, हे सांगणारा दगड आम्हाला दिसला नाही.

असरची वेळ झाली. वेशीच्या कडेला आम्ही चादर अंथरली. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेली माणसे आम्ही. इथे किबला पूर्वेला. अब्बा त्या वेळी गावच्या मशिदीत काबागृहाच्या एका बाजूने उभे असतील आणि आम्ही दुसऱ्या बाजूने. का कोण जाणे, त्या क्षणी ते फार जवळ वाटले.

तिथून माद्रिदला परत येऊन आगगाडीने कुर्तुबा. जामा मशिदीबद्दल या पानांवर पुष्कळ लिहून येते. आम्ही सांगतो शहराच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवरच्या मदीनतुज्ज़हराबद्दल. ९३६ साली खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी डोंगराच्या उतारावर तीन पायऱ्यांत ही राजधानी बांधायला घेतली. राणीच्या नावावरून शहराचे नाव पडले अशी लोककथा आहे. पण ‘ज़हरा’ म्हणजे झळाळती, एवढा अर्थही पुरेसा आहे. संग्रहालयापासून बस वर नेते. संगमरवरावर कोरलेली वेलबुट्टी, नालाच्या आकाराच्या कमानी आणि खाली दूरवर दिसणारी नदीकाठची सपाटी. हे शहर सुमारे ७५ वर्षे जगले. १०१०च्या सुमारास ते लुटले गेले, जाळले गेले. ते कोणा इसाबेलाने जाळले नाही. खिलाफतीच्या गादीसाठी आपसांत लढणाऱ्या मुसलमान फौजांनीच ते जाळले. मग लोक दगड उचलून नेऊ लागले. पंधराव्या शतकात शेजारी जो ख्रिस्ती मठ उभा राहिला, त्यालाही इथलेच दगड लागले. नावसुद्धा पुसले गेले. या ढिगाऱ्याला लोक ‘जुने कोर्दोबा’ म्हणत राहिले. १९११मध्ये उत्खनन सुरू झाले. आजवर साधारण दहावा हिस्साच उघडा झाला आहे. २०१८मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले.

आडनावे रूढ होऊ लागली, तेव्हा सर्वांत सुंदर मदीना मातीखाली होती. या शहराहून आलो, असे सांगणारा माणूसच उरला नव्हता. जे शहर माणसांसह टिकते, त्याचेच नाव पुढे चालते. परक्यांच्या जुलमाचे दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, तेव्हा घरच्या भांडणाचे हे दुःखही त्याच्या शेजारी ठेवले पाहिजे.

ज्यांची नावे काढून घेतली

मग स्पेनच्या मुसलमानांच्या आडनावांचे काय झाले? त्यांची नावे आपल्यासारखीच होती, बापाचे नाव, कुळाचे नाव, गावाची निस्बत. बाप्तिस्मा देताना पाद्र्यांनी त्यांना ख्रिस्ती नावे दिली. या नव-ख्रिस्ती लोकांना ‘मोरिस्को’ म्हणत. घरात अली, बाहेर अलोन्सो, असे दोन नावांचे आयुष्य ते जगत होते. १५६७ साली राजा फिलिप दुसरा याच्या फर्मानाने अरबी भाषा, पोशाख, हमामखाने आणि अरबी नावे यांवर बंदी आणली. तेव्हा गरनाताच्या फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या वृद्ध मोरिस्को गृहस्थांनी एक अर्ज लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते. आडनावे काढून घेतलीत, तर कोण कोणाचा हे कळणार कसे? घराणीच बुडतील. अर्ज मानला गेला नाही. पुढच्याच वर्षी बंड झाले. बंडवाल्यांनी ज्याला राजा केले, तो तरुण तोवर दोन फर्नांदो दे वालोर या नावाने ओळखला जात होता. त्याने पहिली गोष्ट केली ती आपले नाव परत घेण्याची. तो मुहम्मद इब्न उमय्या झाला. बंड मोडले गेले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर काढले गेले.

म्हणजे गोष्ट अब्बांच्या कल्पनेच्या जवळपास उलटी आहे. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली, त्यांची अरबी नावे गेली. आणि ज्यांच्या नावात अरबी ‘मदीना’ राहिले, त्यांत पिढीजात ख्रिस्ती, उमराव आणि सेनापतीही होते. मोरिस्कोंपैकीही काहींच्या वाट्याला मेदिना हे आडनाव आले असेल. पण नुसत्या आडनावावरून तो वेगळा काढता येत नाही.

दक्षिणेतल्या मेदिना सिदोनियाला पोहोचलो, तेव्हा हे आणखी स्पष्ट झाले. काडिस प्रांतात टेकडीवर चुन्याने रंगवलेले पांढरे गाव, चढाच्या गल्ल्या, नालाच्या आकाराची जुनी वेस. १४४५मध्ये या गावाच्या नावाने गुझमान घराण्याला ड्यूक ही पदवी मिळाली. त्या घराण्याचा मूळपुरुष तेराव्या शतकात मुसलमान फौजांविरुद्ध तारीफाचा किल्ला लढवून नावाजला, तर सातव्या ड्यूकने १५८८मध्ये स्पेनचे आरमार इंग्लंडवर नेले. जगाच्या इतिहासात ‘मेदिना सिदोनिया’ हे नाव गाजले ते असे.

पण त्याच गावात मिठाईच्या दुकानात आम्हाला ‘अल्फाहोर’ मिळाला. मध, बदाम, हेझलनट, पावाचा चुरा, धने, लवंग, दालचिनी, तीळ यांचा बोटाएवढा लाडू म्हणा ना. हा शब्दही अरबी, ‘भरण, सारण’ या अर्थाचा. चरबी आहे का, म्हणून विचारले तर दुकानदारीण म्हणाली, “यात फक्त मध. चरबी त्या दुसऱ्या मिठाईत.” गावात मुसलमान उरला नाही, पण हात तसेच चालत राहिले.

समुद्रापलीकडे

सेविल्या बंदरातून निघालेल्या जहाजांनी हे आडनाव जगभर नेले. पेद्रो दे मेदिना यांनी १५४५मध्ये ‘आर्ते दे नावेगार’ हा नौकानयनावरचा ग्रंथ छापला. तो युरोपातल्या अनेक भाषांत गेला. सेविल्याच्याच बार्तोलोमे दे मेदिना यांनी १५५०च्या दशकात मेक्सिकोतल्या पाचुकाच्या खाणीत पारा वापरून चांदी वेगळी काढण्याची रीत बसवली आणि पुढची तीन शतके ती चालली. त्या चांदीखाली किती मूळ रहिवासी भरडले गेले, तो वेगळा विषय. चिलीचे मोठे इतिहासकार होसे तोरिबिओ मेदिना, व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष इसाइआस मेदिना अंगारिता (१९४१–४५), डोमिनिकन रिपब्लिकचे राष्ट्राध्यक्ष दानिलो मेदिना (२०१२–२०), असे मेदिना तिकडे पुष्कळ. खुद्द स्पेनमध्ये हे आडनाव सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या शंभरांत आहे. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषिकांतही ते घरोघरचे.

आखातात नोकरी केलेल्या आपल्या भावांना मेदिना आडनावाचा फिलिपिनो सहकारीही भेटला असेल. त्याची गोष्ट आणखी निराळी. फिलिपीन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर-जनरल क्लावेरिया याने १८४९ साली हुकूम काढला की प्रत्येक कुटुंबाने कायमचे आडनाव लावलेच पाहिजे. आडनावांची एक लांबलचक यादी छापून गावोगाव पाने वाटण्यात आली आणि तीतून लोकांनी नावे उचलली. त्यामुळे तिथल्या मेदिनाचा मदीनेशीच काय, स्पेनशीही रक्ताचा संबंध असेलच असे नाही.

आम्ही तारीफाहून बोटीने निघालो. चौदा किलोमीटरची सामुद्रधुनी. मागे स्पेनचा किनारा दिसत असतानाच पुढे आफ्रिका दिसते. तांजियरहून तेतुआनला गेलो. हे पांढरे शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस गरनाताहून आलेल्या अली अल-मन्दरी आणि त्यांच्या सोबतच्या निर्वासितांनी नव्याने उभे केले. मोरोक्कोत कोणत्याही जुन्या शहराला आजही ‘मदीना’च म्हणतात, त्यामुळे रस्ता विचारताना तोच शब्द पुन्हा आमच्या तोंडात आला.

आणि इथे आरसा उलटा झाला. तेतुआनच्या जुन्या मुसलमान घराण्यांची आडनावे स्पॅनिश! मोरोक्कोच्या स्वातंत्र्यलढ्यातले इथले नेते अब्दुल खालिक तोर्रेस (१९१०–७०). तोर्रेस म्हणजे स्पॅनिशमध्ये बुरूज. रबातमध्ये बरगाश नावाचे घराणे आहे, ते मूळचे व्हार्गास. अंदलुसमधून निघताना हे लोक घरदार सोडून आले, पण तिथे लागलेली आडनावे घेऊन आले, आणि चारशे वर्षे ‘अश्हदु’ म्हणत ती लावत राहिले. पलीकडच्या किनाऱ्यावर अरबी आडनावाचे ख्रिस्ती, अलीकडच्या किनाऱ्यावर स्पॅनिश आडनावाचे मुसलमान.

सलाम

तेतुआनच्या मदीनेत एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानाच्या पाटीवर असेच स्पॅनिश वळणाचे आडनाव होते. आम्ही अस्सलामु अलैकुम म्हटले. त्यांनी उठून व अलैकुमुस्सलाम म्हटले, पुदिन्याचा चहा मागवला. मोडक्या इंग्रजीत आम्ही अब्बांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आमचे आडनाव त्यांचे, त्यांचे आडनाव आमचे. सलाम मात्र अल्लाहचे नाव आहे, तो कोणालाही द्या.”

त्या रात्री गावी फोन लावला. अब्बांना सारे सांगितले, की मेदिना म्हणजे आपले रक्त असे म्हणता येत नाही. ते बराच वेळ गप्प होते. म्हातारपणी माणसाची आवडती समजूत काढून घेतली, असे वाटून आम्हालाच अपराधी वाटू लागले. मग त्यांनी एवढेच विचारले, “त्या बाईंनी सलाम घेतला का?” आम्ही म्हणालो, “जी. तुमची तब्येत विचारली. मुलाला ताप आला होता तेव्हा त्यांनीच सूप करून दिले होते.” अब्बा म्हणाले, “मग ठीक आहे. पोहोचला.”

सूरह हुजुरातमध्ये कुळे आणि जमाती कशासाठी आहेत, हे सांगितले आहे. एकमेकांची ओळख पटावी यासाठी. मोठेपणा तर तकव्याचा. आडनाव हे ओळखीचे दार आहे. दारावर लिहिलेले वाचून घरात कोण राहते हे ठरवले, की आम्ही फसलो तसे फसायला होते. आणि दारावरच्या नावावरून एखाद्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे ठरवले, की त्यातून काय होते, हे मोरिस्कोंना विचारावे.

परत आल्यावर एक काम केले. आमचे आडनावही गावाचे, शेवटी ‘कर’. मुलगा उद्या कुठे स्थायिक होईल, ठाऊक नाही. त्याच्या नातवंडांना तिकडे कोणी विचारले की हा ‘कर’ म्हणजे काय, तर सांगणारा कोण असेल? म्हणून अब्बांपुढे एक दोनशेपानी वही ठेवली. रोज मगरिबनंतर ते बोलतात, आम्ही लिहितो. पणजोबांपर्यंत नावे सापडली, त्यापुढे अंधार आहे. पणजीचे नाव तर अब्बांनाही चार दिवसांनी आठवले, खैरुन्निसा. माहेर कुठले, ते अजून शोधतो आहोत. या वेळी प्रत्येक पानावर दोन रकाने आखले आहेत, वडिलांकडचे आडनाव आणि आईकडचे. एवढी रीत आम्ही मेदिनाबाईंकडून आणली.

वाचकहो, आपल्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर आजच वही काढा. नुन्येस मुले यांनी सांगितलेली भीती त्यांच्या वाट्याला हुकुमाने आली. आपल्या वाट्याला ती आळसाने येऊ नये.